टचिंगची वही

एका लग्नाचे तीन-चार हजार फोटो येतात. हळद, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन. कॅमेरे दोन, कधी तीन. रोलच्या काळात छत्तीस फोटोंचे आठ-दहा रोल संपले की ते मोठं लग्न समजायचे. अल्बमात दोनशे फोटो जायचे आणि हात फिरायचा तो नवरा-नवरीच्या पाच-सात मोठ्या फोटोंवर. आता सगळ्यांची सॉफ्ट कॉपी हवी असते आणि 'सगळे टचिंग करून द्या' हे ॲडव्हान्स देतानाच सांगितलेलं असतं. एक चेहरा हाताने नीट करायचा तर दहा-पंधरा मिनिटं सहज जातात, आणि ग्रुप फोटोत चेहरे वीस. आपोआप टचिंग करणारी सॉफ्टवेअर कशामुळे खपतात ते या हिशेबातच आलं. रात्री बॅच लावून झोपायचं, सकाळी चहा होईपर्यंत सगळ्या मांडवावरून इस्त्री फिरलेली असते.

*

मशीन आधी चेहरा शोधतं, मग त्यावर ठिपके टाकतं. गूगलच्या मीडियापाइपचं जाळं 468 ठिपक्यांचं. त्याआधीच्या डीलिबचं 68 ठिपक्यांत भागायचं. भुवई कुठे संपते, ओठाचा कोपरा कुठे, जबडा कुठून वळतो हे ठिपक्यांवरून कळतं. मग त्वचा, केस, ओठ, दात, डोळ्यातलं पांढरं असे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याला आपापला स्लायडर मिळतो.

त्वचा गुळगुळीत करायची युक्ती जुनीच आहे. नुसतं ब्लर केलं तर गालाबरोबर पापणीही विरघळते. 1998 साली टोमासी आणि मांदुकी या दोघांनी बायलॅटरल फिल्टर मांडला. शेजारचा पिक्सेल किती जवळ आहे आणि रंगाने किती जुळतो, अशा दोन्ही गोष्टी पाहून तो मिसळायचा की नाही ते ठरतं. म्हणून गालावरचं रंध्र गालात जिरतं आणि काळी पापणी जागेवर राहते. मुरलेला टचर मात्र फोटोशॉपमध्ये फ्रीक्वेन्सी सेपरेशन करतो. रंग आणि सावल्या एका लेयरवर, रंध्रं आणि लव दुसऱ्यावर. खालचा लेयर सारखा करायचा, वरच्याला धक्का लावायचा नाही. जमलं तर डोळ्याखालचं काळं तेवढं जातं. घाईत केलं तर चेहऱ्यावरची लव उडते आणि मान खरखरीत राहते. मग एकाच बाईचा चेहरा पंचविशीचा आणि गळा पन्नाशीचा.

अलीकडची सॉफ्टवेअर सूत्रावर चालत नाहीत. टचिंगच्या आधीचा आणि नंतरचा, अशा फोटोंच्या ढीगभर जोड्या दाखवून त्यांना शिकवलेलं असतं. म्हणजे कुठल्या तरी लांबच्या स्टुडिओत बसून कुणी तरी हजारो वेळा ठरवलं की हा डाग आहे आणि हा नाही. ते ठरवणं आता माझ्या मशीनमध्ये येऊन बसलंय. त्या माणसाने मुंडावळ्या कधी पाहिल्या असतील असं वाटत नाही.

*

मुंडावळ्यांचे हाल बघण्यासारखे होतात. नवरीच्या कानशिलावरून गालावर मोत्यांचा सर उतरतो. फ्लॅशने प्रत्येक मोत्यावर एक पांढरा ठिपका येतो. चेहऱ्यावरची तेलकट चमक घालवणारा स्लायडर पस्तिसाच्या पुढे गेला की तो ठिपका जातो. दोनशे टक्के झूम करून बघावं: गालाबाहेरचे मोती चमकताहेत, गालावरचे विझलेले. सर एकच.

गालाला चिकटलेली अक्षता मात्र मशीन सफाईने उचलतं. ते चालतं, तेवढा वेळ वाचला. केसात अडकलेल्या अक्षतांना हात लावत नाही, कारण केस त्याच्या हद्दीत नाहीत.

*

हळदीचे फोटो चुकूनही 'ऑटो' वर टाकू नयेत. पिवळा चेहरा म्हणजे दिव्याचा दोष, अशी मशीनची समजूत आहे. ते पिवळेपणा काढून टाकतं. नवरदेव गुलाबी, करवल्या गुलाबी, आणि पाटाखाली सांडलेली हळद राखी. एका पोराने असा अख्खा फोल्डर केला होता. मी विचारलं, हळद कुठाय? तो म्हणाला, स्किन टोन परफेक्ट आलाय.

*

बाळाच्या बारशाचे फोटो. गालावर काजळाची तीट. बॅचमधून बाहेर आलेल्या एकाही फोटोत तीट नाही. मशीनच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे: गोऱ्या गालावर गोल, काळा, एकटाच ठिपका. त्याच्या हिशेबी डाग दुसरा कसा असायचा? पण आजीने लावलेली तीट काढून फोटो फ्रेम करून भिंतीवर टांगायचा म्हणजे आजीपुढे उभं राहायची सोय नाही. बाळांच्या फोटोंना डाग काढणं आता कायमचं बंद. लाळ पुसायची, बस.

*

मास्तरांचा नियम होता. ज्या स्टुडिओत मी कामाला लागलो तिथले टचर, त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. पंधरा दिवसांत आपोआप जाणारं असेल तर काढायचं. पुटकुळी, खरचटलेलं, दाढी करताना कापलेलं. जन्माचं असेल तर हात लावायचा नाही, आणि फारच वाटलं तर विचारायचं. तीळ हा जन्माचा. शाळेच्या दाखल्यावर ओळखखूण म्हणून लिहिलेला तीळ फोटोतून उडवणारे तुम्ही कोण, असं म्हणायचे.

हा नियम कुठल्याही सॉफ्टवेअरला पाळता येत नाही, कारण त्याच्यापुढे एकच दिवस असतो, फोटो काढला तो.

*

मास्तर निगेटिव्हवर काम करायचे. तिरकं डेस्क, मधोमध घासलेली काच, खालून आरशाने फेकलेला उजेड. निगेटिव्हवर आधी मीडियमचा हलका हात, म्हणजे शिसं धरतं. पेन्सिल कडक, तिचं टोक सँडपेपरवर सुईएवढं लांब घासलेलं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं, त्यामुळे सुरकुती तिथे काळी नसते, पारदर्शक असते. ती रेघ शिशाच्या बारीक फटकाऱ्यांनी भरून काढायची. तिथून उजेड कमी जातो आणि प्रिंटवर सुरकुती उजळते.

यातली मेख अशी की पेन्सिलने चेहरा फक्त उजळच करता येतो. काळं करायचं तर ब्लेडने इमल्शन खरवडावं लागतं, आणि ते काम जोखमीचं, सहसा कुणी अंगावर घेत नसे. म्हणजे कॉम्प्युटर यायच्या किती तरी आधीपासून हत्यारच एका बाजूला झुकलेलं होतं.

त्याहून जुन्या, ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर तांबडा रंग उमटायचाच नाही, काळा यायचा. जुन्या फोटोंत बायकांचं कुंकू डांबरासारखं काळं दिसतं ते त्यामुळे. गव्हाळ त्वचेत तांबूस छटा असते, ती पण काळवंडायची. लोक म्हणायचे, फोटो चांगला येत नाही. येणार कसा?

*

'जरा उजळ करा, पण केल्यासारखं वाटायला नको.' स्थळासाठी फोटो काढायला आलेल्या मुलीची आई. मुलगी बाजूला उभी, फोनमध्ये बघत. मुलीला काही नको होतं, केस सोडून.

हे वाक्य निरनिराळ्या आयांच्या तोंडून ऐकलंय, शब्द तेच. 2020 च्या जून महिन्यात दोन बातम्या पाठोपाठ आल्या होत्या: शादी डॉट कॉमने रंगानुसार स्थळं गाळायची सोय काढून टाकली, आणि 1975 पासून विकल्या जाणाऱ्या क्रीमच्या नावातून 'फेअर' काढायचं हिंदुस्थान युनिलिव्हरने जाहीर केलं. साइटवरचा पर्याय गेला, ट्यूबवरचा शब्द गेला. माझ्याकडचा स्लायडर आहे तिथेच आहे. त्याला आता 'ग्लो' म्हणतात इतकंच.

मी काय करतो? प्रकाश बदलतो. खिडकीकडे तोंड करून बसवतो, समोर थर्माकोलची पांढरी शीट धरतो. डोळ्याखालची सावली जाते, चेहरा खुलतो, रंग तोच राहतो. गौतम राजाध्यक्षांनी काढलेले चेहरे पुन्हा पुन्हा बघावेत ते यासाठी. माणूस देखणा दिसायला पाहिजे ही हौस त्यांना कुणाहून कमी नव्हती, पण प्रकाश कुठून आणि किती घ्यायचा हे त्या चेहऱ्यांत वाचता येतं. आई खूश होते. तिला वाटतं मी कॉम्प्युटरवर केलं. वाटू दे.

*

1975 वरून आठवलं. हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी त्याच वर्षी त्वचेचे प्रकार पाडले, उन्हाने कोण किती भाजतं त्यावरून. पहिले चार प्रकार गोऱ्यांचेच होते. सावळे आणि काळे पुढे जोडले गेले. एकूण झाले सहा. हीच सहा घरांची पट्टी पुढे कॉम्प्युटरवाल्यांनी त्वचा मोजायला घेतली. गूगलने 2022 मध्ये एलिस मंक यांची दहा छटांची पट्टी स्वीकारली, ती जरा बरी. आमच्याकडे एका पंगतीत दहाच्या दहा बसलेल्या असतात.

*

2017 मध्ये फेसॲपने एक फिल्टर आणला होता, माणसाला आकर्षक करणारा. तो सगळ्यांना गोरं करत सुटला. बोभाटा झाल्यावर कंपनीने माफी मागितली आणि सांगितलं की शिकवायला वापरलेले फोटोच एकांगी होते. खरं सांगितलं म्हणायचं.

2018 चा जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांचा अभ्यास टचिंगचा नव्हता, पण आमच्या कामाचा आहे. चेहऱ्यावरून बाई की पुरुष हे ओळखणाऱ्या बाजारातल्या तीन सॉफ्टवेअरची त्यांनी परीक्षा घेतली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर 0.8 टक्के, काळ्या-सावळ्या बायकांच्या बाबतीत 34.7 टक्क्यांपर्यंत. आता टचिंगची सॉफ्टवेअरही आधी बाई, पुरुष, मूल, म्हातारं माणूस असं ओळखतात आणि त्याप्रमाणे वेगवेगळी मात्रा देतात. शेतावरून थेट मांडवात आलेल्या, केस मागे चापून बांधलेल्या, उन्हाने रापलेल्या मावशीला माझं मशीन पुरुषाची मात्रा देतं. तिच्या चेहऱ्याला कमी हात लागतो. फोटो झकास येतो तिचा.

*

गोंदण. आजी ऐंशीच्या पुढची, कपाळाच्या मधोमध छोटी चंद्रकोर, हनुवटीवर तीन ठिपके. नातवाच्या लग्नातला, पाटावर बसलेला फोटो. बॅचमधून आला तो मी थांबवून बघितला. चंद्रकोर कुंकवाखाली अर्धी झाकलेली, ती वाचली. हनुवटीवरचे दोन ठिपके साफ. तिसरा सुरकुतीच्या घडीत होता, तो पूर्ण ओळखला गेला नसावा. त्याच्या जागी एक निळसर ओलसर डाग, कोणी अंगठ्याने पुसल्यासारखा. आणि मधल्या कातडीवर आजूबाजूची रंध्रं आणून चिकटवलेली, इतकी बेमालूम की तिथे काही होतं असं माहीत नसलेल्याला शंकाही येऊ नये.

मूळ फाइलवरून तिन्ही ठिपके परत आणले. घरच्यांना दाखवायला गेलो तेव्हा लेकाने, सुनेने डोळे भरून पाहिलं. गोंदण कसं छान दिसतंय, आता कुणी काढत नाही, वगैरे. आजी फोटो हातात धरून बघत होती. म्हणाली, "हे काढता येत न्हाई व्हय रे तुझ्या मशीनला?" म्हटलं, येतं की. "मग काढ. पाच वर्साची हुते, दोघींनी हातपाय दाबून धरलं, मला कुणी इचारलं का?"

लेक म्हणाला, आई, राहू दे गं. ती काही बोलली नाही. मी दोन प्रती काढल्या. पैसे एकीचेच लावले.

*

देवीचे व्रण. 1977 साली भारत देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं, म्हणजे व्रण असलेली माणसं आता पन्नाशीच्या अलीकडे भेटायचीच नाहीत. लग्नाच्या फोटोंत मागच्या रांगेत एखादे काका असतात. मशीन साठाच्या मात्रेवर ते खड्डे भरून टाकतं आणि काका ओळखू येत नाहीत. त्यांच्या चेहऱ्याची ठेवणच त्या खड्ड्यांवर उभी असते.

*

मेलेल्या माणसांचं टचिंग हे वेगळंच खातं. तेराव्याच्या आत मोठा फोटो लागतो आणि घरात धड एकही नसतो. कुणाच्या तरी मुंजीतला ग्रुप फोटो आणतात, त्यात तिसऱ्या रांगेत नखाएवढा चेहरा. पूर्वी चित्रकार त्यावरून एन्लार्जमेंट करायचा, अंगात काळा कोट चढवायचा, जन्मात कोट न घातलेल्या माणसाला. त्यात फसवाफसवी नव्हती. रंगवलेलं आहे हे सगळ्यांना दिसत होतं.

आता ते काम सॉफ्टवेअर करतं. 2021 मध्ये आलेल्या जीएफपीगॅनसारख्या प्रणालीला पुसट चेहरा दिला की स्वच्छ करून देते. पण नखाएवढ्या चेहऱ्यात डोळ्यांची माहिती असते किती? आठ-दहा पिक्सेल. बाकीचं भरून येतं ते शिकवणीतून. आणि ही प्रणाली शिकली ती एनव्हिडियाने फ्लिकरवरून गोळा केलेल्या 70,000 चेहऱ्यांवर. पणजोबांचे डोळे म्हणजे तिथल्या कुणाकुणाच्या डोळ्यांची सरासरी.

एका फोटोत मला हे दिसलं. वाड्याच्या चौकात, भर दुपारी काढलेला मूळ फोटो, सावल्या पायाशी. स्वच्छ होऊन आला त्यात पणजोबांच्या दोन्ही बुबुळांत छोटी पांढरी चौकोनी चमक होती. स्टुडिओतल्या सॉफ्टबॉक्सची. मिशांखाली बंद असलेले ओठ किंचित विलग झालेले आणि आत दातांची एक सरळ ओळ. गिऱ्हाईक म्हणालं, जिवंत वाटतात हो. वाटत होते, तेच तर.

चमक मी काढली. दात झाकले. त्यापलीकडे काय खरं आणि काय भरलेलं, हे सांगणारं घरात कुणी उरलेलं नव्हतं.

*

फ्लेक्स. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर साहेब मधे, खाली पासपोर्ट साइझमध्ये शुभेच्छुकांच्या दोन रांगा. सगळ्यांना एकच मात्रा शंभरवर. चौकात उभं राहून बघितलं की साहेब पन्नाशीचे आणि शुभेच्छुक विशीतले, पण कातडी एकाच कारखान्यातली. शुभेच्छुकांचे फोटो व्हॉट्सॲपवर येतात, फोनने आधीच एकदा गुळगुळीत केलेले. त्यावर आपण परत. नाकपुड्या जेमतेम उरतात.

*

29 जून 2020 ला सरकारने 59 ॲपवर, बहुतेक चिनी, बंदी घातली, त्या यादीत ब्युटीप्लस, मेइतू, यूकॅम मेकअप, सेल्फीसिटी, स्वीट सेल्फी ही सगळी मंडळी होती. आठवडाभर गावात लोकांचे डीपी जरा खरे वाटले. मग लक्षात आलं की फोनच्या कॅमेऱ्यातच ब्युटी मोड आहे.

*

नॉर्वेत जुलै 2022 पासून कायदा आहे: जाहिरातीत शरीराचा आकार किंवा त्वचा टचिंगने बदललेली असेल तर फोटोवर तसा शिक्का मारायचा. फ्रान्समध्ये मॉडेलची अंगकाठी बदलली तर 2017 पासून सांगावं लागतं. आपल्याकडे असा कायदा आला तर फ्लेक्सवर शिक्क्यासाठी साहेबांच्या बाजूला जागा सोडावी लागेल, आणि ती जागा मागणारे आधीच पंधरा जण आहेत.

*

फ्लेक्सच्या नेमकं उलट काम पासपोर्टचं. परदेशातल्या आपल्या वकिलातींत 1 सप्टेंबर 2025 पासून आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणेच फोटो लागतो: 630 बाय 810 पिक्सेल, पांढरी पार्श्वभूमी, चेहऱ्याने 80 ते 85 टक्के जागा व्यापलेली, आणि सॉफ्टवेअरने फेरफार केलेला चालत नाही. इथून तिकडे गेलेला एक मित्र फोनवर वैतागला होता. त्याच्या फोनमध्ये फेरफार न केलेला फोटो काढताच येईना. ब्युटी मोड बंद करायचं बटण सापडायला त्याच्या मुलीला हाक मारावी लागली.

*

दर. सॉफ्टवेअरला प्रत्येक फोटो बाहेर काढताना एक क्रेडिट पडतं. मांडवात झोपलेल्या मामांनाही एक आणि नवरीलाही एक. म्हणून आधी फोटो निवडायचे, मग टचिंग, हा क्रम मोडायचा नाही. नवीन मुलं उलट करतात.

*

नवीन पोरासाठी प्रीसेट करून ठेवलेत. 'नवरी': त्वचा तीस, चमक वीसच्या आत, चेहरा बारीक करणं शून्य, मेकअपवालीने आधीच खर्च करून घेतलाय, तो दिसू द्यावा. 'हळद': रंगाला हात नाही. 'बाळ': डाग बंद. 'आजी': डाग बंद, सुरकुत्या शून्य, दात शून्य, असले तर. 'साहेब': सगळं शंभर, हनुवटी एकच ठेवावी, केस काळे, आणि फाइल रात्री दहाच्या आत प्रिंटरकडे गेली पाहिजे, कारण फ्लेक्स बांधणारी पोरं बारानंतर फोन उचलत नाहीत.